दोन वाजेपर्यंतचा होकार

शुक्रवारी सकाळी कवळीवाल्या काकूंनी एका गृहस्थाचा डावा सुळा उजवीकडे बसवला. नुसता बसवला नाही, मेण गरम करून त्याच्याभोवती हिरडीही छान वळवली. मग चष्मा कपाळावर ढकलून कवळी हातभर लांब धरली, तेव्हा त्यांना दिसलं की हा माणूस हसला तर समोरचा उठून पळेल.

तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत काकू दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करायच्या. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, काकूंकडून दात जायचे. शिकवलं कुणीच नव्हतं. एका कारागिराकडे साचे धुवायला म्हणून लागल्या आणि बघून बघून त्याच्यापेक्षा सुबक काम करायला लागल्या. आता त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं काकूंच्या दातांनी जेवत होती, आणि उरलेली निम्मी काकूंचेच दात ओठांवर रोवून सुनांवर चिडत होती.

"ताई, हा सुळा..." मामानं मान वाकडी करून बघितलं. मामा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. तयार कवळ्या स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवणं हे त्याचं काम. "असाच जाऊ दे. त्याच्या बायकोला मी ओळखतो. तिला समाधान वाटेल."

काकू हसल्या नाहीत. सुरी तापवून त्यांनी सुळा काढून घेतला. मनगट मात्र टेबलाच्या कडेला टेकवावं लागलं.

"सांगितलंस का तिला?" मामानं आवाज खाली आणला.

"हळू बोल."

"उद्या शनिवार आहे."

"वार मला कळतात."

उद्या शनिवार होता, आणि संध्याकाळी पाच वाजता इथल्याच आर्किटेक्चर कॉलेजची प्रवेशाची खिडकी बंद होणार होती. लेकीला तिथे जागा मिळालेली होती. फक्त जाऊन कागद द्यायचे, सह्या करायच्या, की झालं. पण लेक जायला तयार नव्हती. ती दुसऱ्या कॉलेजच्या फोनची वाट बघत होती. तो फोन मंगळवारीच येऊन गेला होता, आणि ते काकूंना माहीत होतं, मामाला माहीत होतं, लेकीला तेवढं माहीत नव्हतं.

लेकीला आर्किटेक्ट व्हायचं होतं. हे खूळ आजचं नव्हे. आठ वर्षांची असताना तिनं मोजपट्टी घेऊन घरातलं सगळं मोजून काढलं होतं. पलंग, दार, खिडकी, आणि झोपलेल्या मामाचं नाकसुद्धा. तेव्हापासून मामा तिला फूटपट्टी म्हणायचा. पुढे शाळेच्या सहलीत पाच तासांवरच्या मोठ्या शहरातलं ते कॉलेज तिनं पाहिलं. तिथे पहिल्या वर्षाची मुलं आवारात स्वतःच्या हातानं खरी विटांची भिंत बांधत आणि वर्षाअखेरी स्वतःच ती पाडत. बाकीच्या मुली आवारात फोटो काढत होत्या, आणि ही एका अर्धवट भिंतीपाशी उभी राहिली ती राहिलीच. बाईंनी हात धरून ओढत बसपाशी आणली. घरी येऊन आईला म्हणाली, "आई, त्यांना पाडायलासुद्धा शिकवतात." जणू कुणी स्वर्गाचा पत्ता दिला होता.

परीक्षेच्या वर्षी तिनं आपला फोन मामाला विकून टाकला. मन भरकटतं म्हणे. म्हणून अर्जावर नंबर गेले ते आई-बापाचे. बाप जहाजावर स्वयंपाकी, महिन्यामहिन्यानं कुठल्यातरी बंदरातून त्याचा आवाज तुटत तुटत यायचा. म्हणजे खरा नंबर एकच, आईचा. निकाल लागला, यादी लागली, आणि लेकीचं नाव निघालं प्रतीक्षा यादीत, दुसऱ्या क्रमांकावर. वरच्या दोनच माणसांनी नाही म्हणायचं बाकी होतं. दरवर्षी चार-पाच म्हणतातच, असं कुणीकुणी सांगितलं होतं.

तेव्हापासून आईचा फोन लेकीच्या मांडीवर असायचा. जेवताना, कपडे वाळत घालताना, काकू काम करत असताना. आंघोळीला जायची तर मामाच्या हातात देऊन जायची, आणि मामाला दारापाशी उभं करायची. "शाळेतसुद्धा मला एवढं उभं केलं नव्हतं," मामा म्हणायचा.

मंगळवारी मामाची स्कूटर बंद पडली. दोन कवळ्या तातडीनं पोचवायच्या होत्या. लेक म्हणाली, मी बसनं जाऊन येते. निघताना दारातून मागे वळली. "आई, फोन खणात टाकू नकोस हं."

"नाही गं टाकत. जा तू."

आता हा खण काय, ते सांगायला हवं. कवळीची हिरडी करताना गुलाबी पूड आणि उग्र वासाचं पाणी एका बरणीत कालवून वर झाकण ठेवतात. आधी ते ओल्या वाळूसारखं असतं, मग त्याला तार सुटते, आणि मग मोजून काही मिनिटं मळलेल्या पिठासारखं मऊ येतं. त्याच मिनिटांत ते साच्यात भरून दाबायचं. चुकलात की रबर होतं आणि सगळा माल उकिरड्यावर जातो. म्हणून काकूंचा नियम असा, की बरणीवर झाकण पडलं की कुणी बोलायचं नाही, आणि फोनची घंटा बंद करून तो मेणाच्या खणात टाकायचा. तेवीस वर्षांत नियम हातात इतका मुरला होता, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

त्या दिवशी एका निवृत्त मास्तरांची कवळी होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार, आणि जुनी कवळी त्यांनी बेसिनमध्ये पाडून तिचे दोन तुकडे केले होते. डॉक्टर सकाळपासून घायकुतीला आले होते. काकूंनी बरणी घेतली, कालवलं, झाकण ठेवलं. डाव्या हातानं खण उघडला, बंद केला. नंतर कितीही आठवलं तरी हात फोनवर कधी पडला, ते काकूंना आठवेना.

वरचा जबडा झाला, मग खालचा झाला. साचे आवळून उकळत्या पाण्यात गेले. मेण घ्यायला खण उघडला तेव्हा भिंतीवर दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनवर न घेतलेले तीन कॉल होते. खाली एक मेसेज होता. प्रतीक्षा यादीतून आपली निवड झाली आहे, आज दुपारी दोनपर्यंत होकार कळवावा, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.

काकूंनी ताबडतोब फोन लावला. पलीकडच्या कारकून बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, तीनदा केला हो आम्ही, दोन वाजून पाच मिनिटांनी पुढच्या मुलाला दिली जागा, त्यानं होकार दिलासुद्धा. काकू म्हणाल्या, वीसच मिनिटं झाली. बाई म्हणाल्या, हो, वीसच मिनिटं.

इथवर झाली ती चूक. माणूस म्हटलं की चुकतं. पण मग काकूंनी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही. त्यांनी मेसेज पुसला. तिन्ही कॉलही पुसले. मग आपण लावलेला कॉल पुसला. पुसताना बोटं अगदी स्थिर होती.

अर्ध्या तासानं लेक घामाघूम होऊन आली, पायातल्या चपला न काढता विचारलं, "आला?"

"नाही," काकू म्हणाल्या.

त्या एका शब्दाला आज चौथा दिवस होता.

"ऐक माझं," मामा म्हणाला. स्टूल ओढून तो अगदी जवळ बसला. "सांगायचंच असेल तर एवढंच सांग, की त्यांना फोन केला होता, यादी बंद झाली म्हणाले. संपलं. रडेल दोन दिवस, आणि उद्या इथल्या कॉलेजात नाव घालेल. खरं सांगितलंस तर काय मिळणार? ती जागा परत येणार आहे? तिकडची गेलीच आहे, रागाच्या भरात इकडचीही घालवेल. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. आणि तू जन्माची वाईट. झाकली मूठ आहे ताई, झाकलीच राहू दे."

काकूंनाही चार दिवस हेच वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. सोपं होतं. एक वाक्य होतं. खोटंही पुरतं नव्हतं, यादी खरंच बंद झाल्यातच जमा होती.

मागच्या दारानं लेक आत आली. हातात वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर फोन. "काय कुजबुज चाललीय?"

"तुझी आई लोकांचे सुळे इकडचे तिकडे करतेय," मामा म्हणाला. "म्हणून समजावत होतो."

लेकीनं टेबलाकडे बघितलं, मग आईकडे. "आई, तुला बरं नाहीये का? चार दिवस बघतेय, जेवतही नाहीस."

"डोळे चुरचुरतात जरा."

"माझी काळजी करतेयस ना? नको करूस." लेकीनं गठ्ठा खुर्चीवर टाकला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण आवाज टवटवीत होता. हीच गोष्ट काकूंना सहन होईना. "मी ठरवलंय. उद्या सकाळी साडेसहाच्या बसनं तिकडे जाते. समोर उभं राहून विचारते, यादी कुठवर आली. फोनवर माणसं काहीही सांगतात. समोर गेलं की बोलावं लागतं."

मामानं काकूंकडे बघितलं.

"अगं पण उद्या पाचला इथली खिडकी..." काकू म्हणाल्या.

"माहीत आहे."

"जायला पाच तास, यायला पाच तास."

"आई, मला गणित येतं." लेक हसली. "यादी बंद झाली असं त्यांनी मला तोंडावर सांगितल्याशिवाय मी दुसऱ्या कुठल्या कागदावर सही करणार नाही. एक वर्ष गेलं तर जाऊ दे. पण मी प्रयत्नच केला नाही, असं मला स्वतःला ऐकवायचं नाहीये."

मामानं खाकरून तोंड उघडलं. त्याचं ते वाक्य ओठांवर आलेलं काकूंना दिसलं. त्यांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, आणि बऱ्यापैकी जोरात दिला.

शनिवारी पावणेसहाला लेक दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. पाठीवरची पिशवी बाजूला, त्यात पाण्याची बाटली आणि कागदांची फाइल. काकू रात्रभर जाग्याच होत्या. त्यांनी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. कुठून सुरुवात करायची, मास्तरांचा सत्कार कधी आणायचा, स्कूटर कधी आणायची. प्रत्यक्षात त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊ नकोस. फोन आला होता."

लेकीचे हात नाडीवर थांबले. चेहरा उजळला. तो असा उजळेल हे काकूंच्या रात्रभरच्या हिशेबात नव्हतं.

"कधी? आत्ता?"

"मंगळवारी."

काकूंनी सगळं सांगितलं. सबब म्हणून ना मास्तर सांगितले, ना स्कूटर. बरणी, खण, दोन वाजून वीस मिनिटं. कारकून बाई. सांगताना त्या लेकीकडे न बघता तिच्या एका बांधलेल्या आणि एका सुटलेल्या नाडीकडे बघत होत्या.

"मेसेज दाखव," लेक म्हणाली.

"पुसला."

"पुसला म्हणजे?"

"मीच पुसला. कॉलही पुसले."

बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर वर सारलं. त्या आवाजानं दोघी दचकल्या.

"मी आल्याआल्या विचारलं होतं," लेक म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. "चपलासुद्धा न काढता विचारलं. आला का, म्हणून. तू नाही म्हणालीस. माझ्या तोंडाकडे बघून."

"हो."

"कुणाचे दात होते?"

"अगं काय करायचंय..."

"कुणाचे दात होते, आई?"

"एका मास्तरांचे. सत्कार होता त्यांचा."

"झाला?"

"झाला."

"छान झाला?"

लेकीनं बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले आणि फोनसाठी हात पुढे केला. "दहाला उघडतं ना त्यांचं ऑफिस?"

सहापासून दहापर्यंत ती पुढच्या खोलीत स्टुलावर बसून राहिली. समोर साचे, ठसे, एका ओळीत मांडलेले जबडे, आणि हातात फोन. काकू समोर काम घेऊन बसल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. एकदा म्हणाल्या, चहा देऊ? लेकीनं फोनवरची वेळ बघितली. मामा आठ वाजता आला, दारातून एक नजर टाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता पायरीवर जाऊन बसला.

दहाला एक मिनिट असताना लेकीनं नंबर लावला. स्पीकरवर टाकला. आईनं ऐकावं म्हणून टाकला होता, हे काकूंना कळलं. त्याच कारकून बाई होत्या. लेकीनं नाव सांगितलं, यादीतला क्रमांक सांगितला.

"हो, हो. आठवतं. तीनदा केला होता बाळ तुला. तुझ्या आईंचा आला होता नंतर. फार रडल्या."

लेकीनं वर बघितलं. हे काकूंनी सांगितलेलं नव्हतं.

"आता काही..." लेक म्हणाली.

"नाही गं. मुलगा काल कागद देऊन गेला. वसतिगृहात खोलीही मिळाली त्याला."

"बरं," लेक म्हणाली. "थँक्यू." फोन टेबलावर ठेवला, उठली, आतल्या खोलीत गेली. कडी सरकली.

अकरा वाजले, बारा वाजले. आतून आवाज नाही. रडण्याचाही नाही. एक वाजता काकूंनी दाराशी ताट नेऊन ठेवलं आणि दोनला तसंच उचललं. मामा पायरीवरून उठून आत यायचा, घड्याळ बघायचा, परत जाऊन बसायचा. अडीचला म्हणाला, "मी बोलू?"

"तू काय बोलणार?"

"हे इथलं कॉलेजही काही वाईट नाही, असं काहीतरी."

"अजिबात बोलू नकोस."

पावणेचारला काकू उठल्या. दारासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"ऐकतेयस ना?"

काकूंनी दारावर बोट वाजवलं.

"मी माफी मागायला आले नाहीये. मागायची ती मागेन, पण तिला वेळ लागेल. आज वेळ नाही. पाच वाजता ती खिडकी बंद होते."

आतून आवाज आला. दाराच्या अगदी जवळून आला. म्हणजे लेकही पलीकडे दाराला टेकूनच बसली होती. "मी गेले तर तुला सुटल्यासारखं वाटेल."

काकूंनी विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. "वाटेल."

"म्हणूनच नाही जायचंय मला."

"मग मला नको सुटू देऊस. जन्मभर ऐकव. मी मेल्यावर फोटोला ऐकव. पण ती खिडकी तुझ्या रागासाठी सहा वाजेपर्यंत उघडी राहणार नाही. ती माझी कुणी लागत नाही."

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुला पुढच्या वर्षी परत तिकडे अर्ज करायचाय?" काकू म्हणाल्या. "कर. वर्षभर इथं शिकून कर, नाहीतर घरात बसून कर. ते तू ठरव. पण मला शिक्षा द्यायची म्हणून घरात बसू नकोस. माझ्या चुकीला एक जागा पुरे झाली. दुसरी तुझ्या हातानं कशाला घालवतेस?"

"तू पुसलास तो मेसेज," आतून आवाज आला. आता मात्र तो फुटला. "फोन घेतला नाहीस ते मी... हाताची सवय असते, मला माहितीय. पण तू पुसलास. मी वेड्यासारखी वाट बघत बसले आणि तू बघत होतीस."

"हो," काकू म्हणाल्या. "भ्याले मी. तुला."

चार वाजून सात मिनिटांनी कडी सरकली. लेकीचे डोळे सुजून बारीक झाले होते. तिनं आईला ओलांडून फाइल उचलली.

"पालकाची सही लागते तिथे," ती भिंतीला म्हणाली. "समोर करावी लागते. नाहीतर मी एकटी गेले असते."

मामानं खिशातून किल्ली काढली. स्कूटरवर माणसं दोनच मावायची. एकदा बहिणीकडे, एकदा भाचीकडे बघून त्यानं किल्ली बहिणीच्या हातात ठेवली. "ब्रेक जरा उशिरा लागतो. ज्याला वाचवायचं त्याच्या दोन माणसं आधीपासून दाबायला लाग."

काकूंनी स्कूटर हाकली. रस्त्यात बाजार सुटला होता, हातगाड्या उभ्या होत्या, एक ट्रक मागे घेताना सगळ्या रस्त्याला आडवा झाला होता. काकूंनी आयुष्यात दिले नव्हते इतके हॉर्न दिले. लेक मागे बसली होती, पण एरवीसारखा तिचा हात आईच्या कमरेभोवती नव्हता. मागची लोखंडी दांडी धरून ती शक्य तितकी लांब बसली होती, आणि प्रत्येक वळणावर काकूंना वाटत होतं, हिचा हात सुटला तर? मागे बघता येत नव्हतं. आरशात दिसत होता फक्त एक खांदा आणि फाइलचा कोपरा. तो कोपरा दिसतोय तोवर ठीक आहे, असं मनात म्हणत त्यांनी सगळा रस्ता काढला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्या पोचल्या. रांगेत पुढे तीन माणसं होती. त्यातल्या एका बापाचा कुठला तरी कागद हरवला होता आणि तो सगळे खिसे पुन्हा पुन्हा उलटे करत होता. पंचेचाळीस झाली, पन्नास झाली. खिडकीतला कारकून घड्याळाकडे बघून पेनांना टोपणं लावायला लागला होता. लेक ताठ उभी होती. काकूंना वाटलं, आता ही मागे वळेल, म्हणेल नशिबातच नाही, आणि चालायला लागेल. तसं झालं तर आपण तिला धरायचं की नाही, हे काकूंना ठरवता येईना.

बापाला कागद सापडला. त्याच्याच मुलीच्या हातात होता.

"पुढे," कारकून म्हणाला. फाइल उलटी सुलटी केली, शिक्के बघितले. "इथं तू. इथं पालक."

लेकीनं सही केली. काकूंनी पेन घेतलं. बारीकात बारीक दाताला आकार देणारा हात, पण सही अशी झाली की कोंबडीनं पाय पुसावेत.

"बाई, ही सही म्हणायची का?" कारकून म्हणाला.

"तीच आहे हो," लेक पहिल्यांदा आईच्या बाजूनं बोलली, म्हणजे निदान आईबद्दल तरी बोलली. "आज अशीच येतेय. घ्या."

शिक्का बसला. खिडकी बंद झाली. पाचला दोन मिनिटं होती.

काकू पावती घडी करून पिशवीत ठेवेपर्यंत लेक गायब झाली होती. काकूंनी रांग बघितली, फाटक बघितलं, स्कूटर बघितली. मग आवारातून मागे गेल्या. लांबलचक इमारत होती, कुणाच्याच स्वप्नात येणार नाही अशी. एका उघड्या दारातून उंच तिरक्या टेबलांच्या रांगा दिसल्या. लेक तिथे होती. मधोमध उभी, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून.

काकू दारातच थांबल्या. आत जावं की नाही, कळेना.

"बघितल्यास या खिडक्या?" लेक मागे न वळता म्हणाली. "झाडून सगळ्या पश्चिमेला. चारनंतर कागदावर नुसतं ऊन. रेघ कुठं मारली ते दिसणार तरी का? कुणी बांधलंय हे? चित्र काढायची खोली आहे की मिरच्या वाळवायची गच्ची?"

काकूंच्या ओठांवर हसू आलं होतं. त्यांनी ते कडू औषधासारखं गिळलं.

"मी माफ केलेलं नाहीये," लेक म्हणाली.

"माहीत आहे."

"खिडक्यांबद्दल बोलतेय, म्हणून काही समजू नकोस."

"नाही समजत."

लेक तरातरा शेवटच्या खिडकीपाशी गेली. तिच्या झडपेचा कडीकोयंडा गंजून बसला होता. तिनं खेचून पाहिला, तळव्यानं ठोकला, मग दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही.

"खालून धर जरा," ती म्हणाली.

काकू धावल्या. चौकट खालून उचलून धरली. दोघींनी मिळून जोर लावला. गंजाची पूड मनगटावर पडली, पण कडी काही हलली नाही. बाहेरून शिपाई ओरडला, "चला, चला, बंद करायचंय!"

लेकीनं हात झटकले. खिडकीकडे डोळे बारीक करून असं बघितलं, जणू खिडकीनंच तिचं काही देणं ठेवलं आहे.

"राहू दे," ती म्हणाली. "सोमवारी बघते हिच्याकडे."